टोपण काढून केलेली पूजा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि तो अर्ध्यावर थांबला. सुरुवात नेहमीसारखीच झाली. दिवा लागला, मागचा पंखा घुरघुरला, काळ्या पडद्यावर मेमरीचे आकडे पळाले, एक बीप वाजला आणि निळ्या आभाळातल्या ढगांचं ते चित्र आलं. बस्स. ढग तिथेच राहिले. माउस हलवला तर काही हलेना. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा हिरवा दिवा लागेना. बोईसरच्या क्लासमध्ये मीच पोरींना शिकवायची की मशीन अडकलं वाटलं तर आधी हा दिवा बघा, तो लागला तर जीव आहे, नाही लागला तर रीसेट मारा. मी रीसेट मारला. या वेळी ढगसुद्धा आले नाहीत, आकडे मोजता मोजताच थांबला.

आई दारात बसून सुके बोंबील निवडत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "काय झालं?"

"कुठे काय?"

"मग अशी गप का?"

"अगं, चालू होतोय. वेळ लागतो त्याला," मी म्हटलं. आईने हातातला बोंबील खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

आता कॉम्प्युटर बंद पडणं ही काही जगबुडी नव्हती. क्लासमध्ये नवी मशिनं आली तेव्हा हे जुनं मला घरी आणू दिलेलं. त्यावर मी शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका असं काय काय करून पालघरच्या एका प्रेसला द्यायची. दोनचार दिवस काम अडलं असतं, प्रेसवाल्याने तोंडाचा पट्टा चालवला असता, मी उलट चालवला असता, संपलं. पण त्या सकाळी मला ती जगबुडीच वाटली. कारण आईने शब्द दिला होता, आणि तो या खोक्यावर लावला होता.

बाबांची बोट होती. दसऱ्याला बोटीच्या इंजिनाची पूजा आई करायची, आणि ती आमच्या घरची पद्धत म्हणजे पद्धत होती. आधल्या दिवशी बाबा इंजिन घासूनपुसून लख्ख करायचे आणि पूजेच्या वेळी त्याच्यावरचं पत्र्याचं टोपण काढून बाजूला ठेवायचे. शेजारचे लोक वरूनच हळदकुंकू लावून मोकळे व्हायचे, तर आई हसायची. म्हणायची, "पत्र्याची पूजा करतात काय कोनी? काम कोन करतं, पत्रा की इंजिन?" मग ती खाली वाकून थेट इंजिनाला बोटं लावायची, झेंडू वाहायची, मूठभर अक्षता टाकायची. बाबा मागे उभे राहून म्हणायचे, "झालं का? का जेवायला पण वाढतेस?"

बाबा गेले ते समुद्रात नाही, घरात, कावीळ होऊन. बोट मोठ्या काकांकडे गेली. त्या वर्षीच्या दसऱ्याला आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. टोपण काढलेलं होतं. आई सवयीने पुढे झाली, ताटातला कुंकवाचा करंडा तिने उचललासुद्धा, आणि मोठ्या काकूने तिचं मनगट धरलं. जोरात नाही हो. उलट फार हळू. "राहू दे गं, मी करते," एवढंच म्हणाली. काकू काही वाईट बाई नव्हती. बाबांच्या आजारात आमच्या घरी दोन्ही वेळचं जेवण तीच पाठवायची. पण आईचा चेहरा असा झाला, जणू भर बाजारात कुणी चोर म्हणून हात पकडला. तिने करंडा ताटात ठेवला आणि हात पदराला पुसला.

त्यानंतर कुणाला तिचं मनगट धरावं लागलं नाही. बारसं असो, ओटी भरणं असो, ती आधीच मागे सरकायची. वांगी चिरायला बसायची, भांडी घासायला बसायची. बायका म्हणायच्या, "किती समजूतदार!" मला ते ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. बोईसरच्या बाजारात गिऱ्हाइकाशी हुज्जत घालून समोरच्याला रडवणारी ही बाई, आणि हळदीकुंकवाचं ताट दिसलं की मान खाली! समजूतदार म्हणे.

मग माझं लग्न ठरलं. मुलगा बोईसरलाच कारखान्यात होता. तुळशीचं लग्न झालं की पुढचा मुहूर्त. आमच्यात नवरीला पहिली हळद तिची आई लावते, मग सवाष्णी. मी घरात सांगून टाकलं, पहिली हळद आईच लावणार.

"येडी हायस काय?" आई म्हणाली.

"का? तू माझी आई नाहीस?"

"लोक काय म्हनतील ते सोड. पन मी नाय लावनार. तुज्या संसाराला माझा हात नको."

हे ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. लोकांची भीती असती तर मी लोकांना पुरून उरले असते. पण तिला स्वतःच्याच हाताची भीती बसली होती. आम्ही रोज भांडायला लागलो. मासे साफ करताना भांडायचो, जेवताना भांडायचो, एसटीची वाट बघत थांब्यावर उभ्या असताना भांडायचो. "तू नाही लावलीस तर मी हळद लावूनच घेणार नाही, तशीच उभी राहीन बोहल्यावर," इथपर्यंत मजल गेली. शेवटी एका दुपारी ती कंटाळून म्हणाली, "बरं. तुझा जीव त्या मशीनवर हाय ना? दसऱ्याला तिची पूजा मी करते. तिला काय नाय झालं तर तुला हळद लावीन, पयली. आणि झालं, तर परत त्या विषयाचं नाव काढायचं नाय."

मी उडीच मारली. कॉम्प्युटरला कुंकवाने काय होणार? मी म्हटलं, "एकदा काय, शंभरदा कर."

दसऱ्याला तिने न्हाऊन चांगलं लुगडं नेसलं. ताट स्वतः लावलं. कॉम्प्युटरसमोर आली, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "टोपण काढ."

क्लासमध्ये आम्ही मशीनजवळ पाण्याचा पेला ठेवू द्यायचो नाही. तिथे मी कुणाला कॅबिनेट उघडून आत तांदूळ टाकू दिले असते का? पण आई किती वर्षांनी त्या जुन्या आवाजात बोलली होती! मी प्लग काढला, मागचे स्क्रू सोडवले आणि पत्रा बाजूला ठेवला. आत डोकावून ती म्हणाली, "एवढंसं इंजिन?" मग वाकून तिने आतल्या पत्र्याच्या पेटीला हळद लावली, कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. अक्षता तिने क्षणभर मुठीत धरून ठेवल्या. कुंकवात भिजवलेले ते लाल तांदूळ तिने मूठ सैल करून सोडले, आणि मला आठवतं, ती हसली. मला रडायला आलं होतं. मी नाक पुसत म्हटलं, "झालं का? का जेवायला पण वाढतेस?" यावर आम्ही दोघीही जराशा रडलो.

संध्याकाळी मी फूल काढलं, दाणे वेचले, मशीन आडवं करून थोपटलं, रंगाच्या ब्रशने कोपरे झाडले आणि पत्रा बसवला. दसऱ्याला हत्यार चालवत नाहीत, म्हणून सुरू केलं नाही. आणि सकाळी हे असं.

तांदूळ माझ्या मनात आले नाहीत असं नाही. पहिल्या मिनिटालाच आले. पण मी सगळे वेचले होते ना! आणि खरं सांगायचं तर मला ते तांदूळ नकोच होते. मला बिघाड हवा होता, अगदी हवा तेवढा मोठा, पण आईच्या हाताशी ज्याचा काही संबंध नाही असा. हार्ड डिस्क जाऊ दे, व्हायरस निघू दे, मदरबोर्ड जळू दे, सगळं चाललं असतं.

आधी व्हायरस धरला. क्लासमधून आणलेली सुरू करायची फ्लॉपी घातली. फ्लॉपीवरून सुरू झालं तर दोष हार्ड डिस्कच्या आतला, हे उघड होतं. ते करकर करत सुरू झालं, मी आनंदाने काहीतरी टाइप करायला गेले आणि चौथ्या अक्षराला कर्सर लुकलुकायचा थांबला. म्हणजे व्हायरस नाही, हार्ड डिस्कही नाही. मग एसटीडी बूथवर जाऊन क्लासच्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, "तुमच्याकडे खारा वारा. मेमरीच्या पट्ट्या गंजल्या असतील. काढून खोडरबराने घासा." घासल्या. सोनेरी टोकं नव्यासारखी चमकायला लागली, मशीन मात्र तिथेच अडकलं. मग व्होल्टेज. तारापूरचं वीजकेंद्र हाकेच्या अंतरावर, तरी संध्याकाळी आमची ट्यूबलाइट डोळे मिचकावायची. काकांच्या फ्रीजचा स्टॅबिलायझर उचलून आणला. त्याचाही उपयोग शून्य.

आई विचारायची बंद झाली होती. येताजाता नुसती बघायची. मी खोटं बोलत राहिले, की जुनं मशीन आहे, असं होतंच, क्लासमध्ये तर रोज एक बंद पडतं. ती "हं" म्हणायची. तिचं ते "हं" मला चाबकासारखं लागायचं.

एके दिवशी मी प्रेसमधून आले तर ओट्यावर काकू बसलेली, आणि आई तिला सांगत होती, "हळदीचं तुमीच बघा, वैनी. पयली तुमीच लावा."

मी चप्पलही न काढता ओरडले, "अजून माझं शोधणं संपलं नाही!"

काकूला बिचारीला काही कळेना. "मशीनचं काय एवढं? बिघडतंच की," ती म्हणाली. आम्हा दोघींतला करार तिला ठाऊकच नव्हता. मी आत गेले आणि कॉम्प्युटरसमोर बसून अक्षरशः त्याला शिव्या घातल्या. माणसाला घालतात तशा, आईबहिणीवरून.

शिव्या घालता घालता एक गोष्ट ध्यानात आली. सकाळी पहिल्यांदा सुरू केलं की ते ढगांपर्यंत जायचं. लगेच दुसऱ्यांदा केलं की आकड्यांतच थांबायचं. जितका जास्त वेळ बंद ठेवावं तितकं पुढे जायचं. म्हणजे ते थकत नव्हतं, तापत होतं. बोटीच्या इंजिनाला थंड करणारं पाणी चढलं नाही की बाबा असंच थांबून थांबून चालवत आणायचे. कॉम्प्युटरला पाण्याच्या जागी वारा. मागचा मोठा पंखा तर फिरत होता, त्याची घुरघुर मी रोज ऐकत होते. त्या घुरघुरीमुळेच मला आतला दुसरा, मशीनच्या मेंदूवर, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेला काडेपेटीएवढा पंखा आठवला नव्हता. इतके दिवस मी आत हात घालून मेमरी काढत होते, पण प्लग काढूनच. बंद मशीनमध्ये तो पंखा थांबलेलाच असणार, त्यात वेगळं काय दिसणार?

मला तेव्हाच कळलं होतं की काय निघणार आहे. मी ठरवलं, आई बाजाराला गेली की उघडायचं. जे निघेल ते गुपचूप चुलीत टाकायचं आणि सांगायचं, वायर सैल झाली होती.

पण त्या दिवशी ती बाजाराला गेलीच नाही. मी पेचकस हातात घेतला तशी बॅटरी घेऊन आली. "आत काळोख असतो. मी धरते," म्हणाली.

"नको गं, मला दिसतं."

"धरते म्हटलं ना."

मी पत्रा काढला. प्लग तसाच ठेवून बटण दाबलं. मोठा पंखा फिरला. छोटा नुसताच थरथरला, फिरायला बघत होता आणि फिरता येत नव्हतं. मी बटण बंद केलं. आईने न सांगता बॅटरीचा झोत नेमका तिथे धरला. पंख्याचं पातं आणि कड यांच्यामध्ये, खालच्या बाजूला, कुंकवाने चिकटून वाळलेला एक लाल दाणा होता.

मी चिमट्याने तो काढला आणि मूठ मिटली. "धूळ," मी म्हटलं.

"दाखव."

"अगं, धूळच आहे."

"दाखव म्हटलं."

मी मूठ उघडली. तिने वाकून दाणा बघितला. मग मीच सुटले. "तांदूळ आहे, आई! नुसता तांदूळ! याच्यात हात-बीत काही नाही. पंख्यात दाणा अडकला, पंखा थांबला, मशीन तापलं. कुणाच्याही हातून पडला असता तरी हेच झालं असतं. काकूच्या हातून पडला असता तरी पंखा थांबलाच असता!"

"वैनीच्या हातून पडला नसता," आई म्हणाली.

"असं कसं म्हणतेस? थांब," मी म्हटलं. मी बोटाने पंखा फिरवला, गरकन फिरला. बटण दाबलं. बीप वाजला, ढग आले, ढग गेले, आणि माझ्या सगळ्या फायली समोर आल्या. "बघ, बघ, चालू झाला!" मी टाळ्या पिटत होते. आई पडद्याकडे बघतच नव्हती. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि आतल्या पेटीवरची हळद आणि कुंकू नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून पुसून काढलं. मी तिचा हात धरला. तिने माझा हात बाजूला केला आणि पुसत राहिली.

पुढचे दिवस मी तिची पाठ सोडली नाही. मशीन रोज चालत होतं, मुद्दाम दिवसभर चालू ठेवायची मी. "बघ, काही झालं का?" "नाय झालं," ती शांतपणे म्हणायची. तिला सगळं समजलं होतं. पंखा समजला होता, उष्णता समजली होती, माझ्याइतकंच नीट. हेच मला सहन होत नव्हतं. अडाण्यासारखं काही बोलली असती तर मी भांडले तरी असते.

हळदीच्या दिवशी अंगणात मांडव होता, बायका गात होत्या, पाट मांडलेला होता. आई चुलीपाशी वडे तळत होती. मी हळदीची वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि वाटी तिच्यापुढे धरली. "इथे कुणी नाही. एक बोट लाव. बाहेर काकू लावेलच, कुणाला कळणार पण नाही. मशीन चालू आहे आई, तू बघतेस ना रोज?"

तिने झारा खाली ठेवला. मला वाटलं, आता लावते. तिने वाटीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मशीनचं टोपण काढून तू दाना शोधलास," ती म्हणाली. "तुज्या संसारात पडला, तर कोन कुठलं टोपण काढनार?"

इतकी वर्षं झाली, मला अजून याचं उत्तर देता आलेलं नाही. माझा संसार चांगला झाला, हे काही उत्तर नव्हे; ती म्हणाली असती, मी हात लावला नाय म्हनूनच झाला. मला राग येतो. तिचा नाही, कुणाचा ते सांगता येत नाही. त्या वेळी बाहेरून काकूने हाक मारली, "अगं नवरी कुठाय?" कढईतले वडे करपायला लागले होते. आई वळली आणि ते भराभर काढायला लागली. मी वाटी घेऊन बाहेर गेले, पाटावर बसले, आणि पहिली हळद काकूने लावली.